टायर बदलला की गाडी मऊ चालते का?

पाऊस थांबला की आपल्याकडच्या पत्रांचा विषयच बदलतो बघा. जून ते सप्टेंबर वायपर, ब्रेक, गाडीत पाणी शिरलं, आणि दसरा आला की सगळीकडून एकच, गाडी आदळते, गाडी हादरते, टायर बदलू का, कुठला टाकू. म्हणून या वेळी सगळे प्रश्न टायरचेच घेतलेत. ज्यांची पत्रं राहिली त्यांना पुढच्या अंकात उत्तर देतो.

प्रश्न : काका, माझ्याकडं बलेनो आहे, १५ इंची लोखंडी रिमवाली. अलॉय टाकायचं मनात आहे, १६ चे नाहीतर सरळ १७ चे, गाडी काय दिसते ओ त्याच्यावर! दुकानवाला म्हणतोय राइडमध्ये काय फरक पडत नाही, आमचे पप्पा म्हणतात पाठ मोडून घेशील. दोघांत खरं कोण? (अनगोळ, बेळगाव)

उत्तर : पप्पा खरं सांगतायत. का ते जरा सविस्तर सांगतो, लांबेल थोडं, पण हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

गाडीजवळ जा आणि टायरच्या बाजूला काय छापलंय ते वाचा. तुमच्याकडं १८५/६५ आर १५ असणार. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिम किती इंची ते, आणि मधला जो ६५ आहे तो आपल्या कामाचा आकडा, टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के आहे असा त्याचा अर्थ. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर, म्हणजे रस्ता आणि तुमची रिम यांच्यात पावणेपाच इंचाचं रबर आणि हवा आहे. याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी १९५/५५ आर १६ देते, तिथं ही उंची १०७ वर येते. आणि १७ ची रिम टाकायची तर बाहेरचं माप जुळवायला २०५/४५ घ्यावा लागतो, त्याची उंची फक्त ९२. चाक बाहेरून मोजलं तर तिन्ही जवळपास सारखीच, ६२० मिलिमीटरच्या आसपास, कारण ते माप वाढलं तर स्पीडोमीटर चुकतो आणि टायर आत घासायला लागतो. मग रिम मोठी झाली ती कुणाची जागा खाऊन? हवेची. आणि गाडीतला निम्मा आराम त्या हवेत असतो.

आता लोकांना वाटतं आराम म्हणजे सस्पेन्शन, टायर काय नुसता फिरतो. तसं नाही, दोघांची कामं वाटलेली आहेत. हंप आला, पुलाच्या तोंडाला रस्ता उचललेला असला, एखादी लांब लाट आली तर ती स्प्रिंग आणि शॉकअप सांभाळतात, गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वरखाली होते, म्हणजे ते काम सावकाशीचं. पण खडी, खड्ड्याची धारदार कड, ड्रेनेजचं झाकण, पेव्हर ब्लॉक, हे धक्के इतक्या झटक्यात येऊन जातात की तेवढ्या वेळात स्प्रिंगला हलायलाच मिळत नाही, ते सगळे पहिल्यांदा टायरनं गिळायचे असतात. टायरची बाजू दबली तर धक्का तिथंच मेला, नाही दबली तर तो रिममधून, हबमधून, बुशमधून थेट तुमच्या स्टीअरिंगवर आणि सीटवर येणार. आपल्या शहरात बघा, २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगावचं नाव आलं आणि त्यानंतर कितीतरी रस्ते काँक्रीटचे झाले, त्यावर खड्डे नाहीत हे खरं, पण दर काही मीटरवर जोड आहेत, आणि कमी उंचीच्या टायरवर ते जोड एकेक करून मोजता येतात, टक टक टक टक. उंच टायरवर तेच जोड नुसते ऐकू येतात, पाठीला लागत नाहीत.

दुसरी गोष्ट वजनाची. अलॉय म्हटलं की हलकाच असणार असं सगळे धरून चालतात, पण बाहेरून घेतलेला स्वस्तातला १७ चा अलॉय आणि रुंद टायर मिळून तुमच्या १५ च्या लोखंडी चाकापेक्षा जड भरू शकतात, आणि चाक जड झालं की खड्ड्यातून उसळल्यावर त्याला आवरायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं, तो थरथराट वर येतो. वर आणि लोखंडी रिम खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला तर ती रिम गेलीच समजा.

तेव्हा माझं मत विचाराल तर, गाडी रोज चालवायची आहे आणि घरची माणसं पण बसणार आहेत तर १५ वरच राहा, तेवढ्याच पैशात चांगल्यातला टायर घ्या. १५ इंचातच अलॉय मिळतात ओ, दिसायला पण झकास असतात. अगदीच मन राहत नसेल तर १६ पर्यंत जा, ती कंपनीनंच दिलेली साइझ आहे, थोडा कडकपणा येईल पण चालेल. १७ नको. दुकानवाल्याला रिम विकायची आहे, रोज आर्पीडी क्रॉसवरून ती गाडी तुम्हाला न्यायची आहे.

काही पोरं याच्या उलटं करतात, १५ ची रिम ठेवून १९५/६५ टाकतात, म्हणजे उंची १२७ होते. मऊपणा वाढतो हे खरं, पण चाक साधारण दोन टक्क्यानं मोठं होतं, काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०२ ला असते, पिकअप जरा मंदावतो, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर आत कुठं घासतंय का हे गाडीगाडीवर आहे. करायचंच असेल तर आधी एक चाक बसवून, स्टीअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून, मागं चार माणसं बसवून बघा, मग चारी घ्या.

प्रश्न : मी खानापूरचा, आठवड्यातून एक-दोनदा जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाटानं गोव्याला जाणं होतं. रस्त्याची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. माझा मित्र टायरमध्ये हवा २४-२५ च ठेवतो, म्हणतो गाडी लोण्यासारखी चालते. खरंच मऊ वाटते ओ, मी बसून बघितलं. मी पण तसं करू का?

उत्तर : नका करू. मित्रालाही सांगा, आणि हे मी कळकळीनं सांगतोय.

मऊ वाटते हे खोटं नाही. हवा कमी केली की टायरची बाजू जास्त दबते आणि बारीक धक्के खाऊन टाकते, वर जे सांगितलं तेच. पण टायर एका फेऱ्यात एकदा दबतो आणि उठतो, ताशी ८० च्या वेगाला असं सेकंदाला दहा-बारा वेळा होतं, आणि प्रत्येक वेळी जास्त दबला की आतलं रबर आणि दोरे तापतात. उन्हाळ्यात हायवेला जे टायर फुटतात त्यातले बरेच जास्त हवेनं नाही, कमी हवेनं तापून फुटतात, लोकांना हे पटत नाही पण तसंच आहे. दुसरं, खड्ड्याच्या कडेवर टायर इतका दबतो की रिम आणि रस्ता यांच्यात त्याची बाजू चिमटीत सापडते, आतले दोरे तुटतात आणि दोन दिवसांनी बाजूला फुगा दिसतो. तिसरं, आणि तुमच्या रस्त्याला हेच सगळ्यात महत्त्वाचं, कणकुंबीकडचा पाऊस. कमी हवेचा टायर मधून आत ओढला जातो, मधल्या खाचांतनं पाणी नीट बाहेर फेकलं जात नाही, आणि साचलेल्या पाण्यावर गाडी लवकर तरंगायला लागते. घाटात वळणावर ब्रेक मारताना गाडी वाहवत जाते, तेव्हा मऊपणा काय कामाचा.

बरं मग हवा किती ठेवायची? ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर आहे, त्यावर तुमच्या गाडीच्या मापाला किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ते लिहिलेलं आहे, बऱ्याच छोट्या गाड्यांना ३० ते ३३ च्या मध्ये असतं, तुमच्या गाडीचं तुमच्या स्टिकरवर. टायरवर जो मोठा आकडा असतो, ४४ नाहीतर ५१ पीएसआय मॅक्स, तो बघून हवा भरू नका, ती त्या टायरची वरची मर्यादा आहे.

आणि आता एक गोष्ट सांगतो जी मी पुन्हा पुन्हा बघतो. गाडी कडक चालते म्हणून लोक येतात, टायर बदलायच्या तयारीनं, आणि गेज लावला की चारीमध्ये ३८, ४०. कारण पेट्रोल बंकवरचा पोरगा "किती टाकू" विचारतो आणि आपण म्हणतो "टाक की पस्तीस", त्याचं मीटर तीननं चुकीचं, वर गाडी वीस किलोमीटर पळून तापून आलेली असते ती वेगळी. थंड टायरला स्टिकरप्रमाणे ३१-३२ वर आणलं की तीच गाडी वेगळी चालते, खर्च शून्य. म्हणून खिशातला एक गेज घ्या, दोन-तीनशे रुपयाला मिळतो, आणि पंधरा दिवसातनं एकदा सकाळी गाडी हलवायच्या आधी तपासा. तुमच्यासारख्या घाटातनं जाणाऱ्यानं तर नक्कीच.

लांब पळून आल्यावर टायर गरम असतो तेव्हा आकडा चार-पाचनं जास्त दिसतो, तो बघून हवा सोडू नका हां, थंड झाल्यावर ती कमीच होणार आहे.

प्रश्न : सर, मी शिक्षक आहे, निवृत्त. २०१७ ची गाडी, फार चालवली नाही, शाळा-घर आणि कधीतरी पंढरपूर. टायरची नक्षी अजून नवीनसारखी आहे पण गेल्या दोन वर्षांत गाडी फार आवाज करते आणि कडक झाली आहे. मेकॅनिकनं सस्पेन्शन चांगलं आहे म्हणून सांगितलं. नक्षी असताना टायर बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही का? (निपाणी)

उत्तर : गुरुजी, टायरच्या बाजूला DOT (डीओटी) अशी इंग्रजी अक्षरं शोधा, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, कधी ते आतल्या बाजूला असतात तर वाकून बघावं लागेल. समजा ३२१७ असेल, तर तो टायर २०१७ सालातल्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. तुमचे टायर गाडीबरोबर आलेले असतील तर म्हातारे झालेत, नक्षी कितीही असू दे.

रबर म्हणजे चालो न चालो, ऊन आणि हवा लागून कडक होत जातं. कडक झालेला टायर बारीक खडीवर दबत नाही, म्हणून हादरे आणि आवाज वाढतो, आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते ती दिसत नाही पण ब्रेक लावायच्या वेळी कळते. अंगठ्याचं नख नक्षीत जोरात दाबून बघा आणि शेजारच्या एखाद्या नव्या गाडीच्या टायरवर तसंच दाबून बघा, बोटालाच फरक कळेल. खाचांच्या तळाशी आणि बाजूला केसासारख्या भेगा दिसत असतील तर विचारच नको. टायर कंपन्या स्वतः सांगतात पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढं काही झालं तरी वापरू नका. आपल्याकडच्या उन्हात दारात उभी राहणारी गाडी असेल तर सहा-सात वर्षांत बदललेले बरे असं माझं मत. पैसे वाया जात नाहीत गुरुजी, चारी बदला आणि पंढरपूरला जाऊन या, तुम्हाला गाडीच नवी घेतल्यासारखं वाटेल.

नवीन घेताना दुकानात तेच चार आकडे बघूनच घ्या. वर्षापेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा.

प्रश्न : दादा, आमच्या आईच्या कमरेत गॅप आहे, दर महिन्याला कोल्हापूरला डॉक्टरांकडं नेतो. एर्टिगा आहे. ती मागच्या सीटवर बसते आणि घरी येईपर्यंत कळवळते. टायर आता बदलायला आलेतच, सगळ्यात मऊ टायर कुठला ते नाव सांगा, पैशाचं बघू. (संकेश्वर)

उत्तर : ताई, नाव सांगतो पण आधी चार गोष्टी ऐका, त्यातल्या दोन फुकटच्या आहेत.

आईला मागं, त्यातनं शेवटच्या सीटवर तर अजिबात नको. चाकाच्या बरोबर वर बसणाऱ्याला दणका सगळ्यात जास्त लागतो, दोन्ही ॲक्सलच्या मधे बसणाऱ्याला कमी. मधल्या रांगेत मधोमध किंवा पुढच्या सीटवर पाठ थोडी मागं करून बसवा, कमरेला छोटी उशी. एर्टिगासारख्या गाडीत दुसरी गोष्ट, स्टिकरवर हवेचे दोन आकडे असू शकतात, कमी माणसं असताना वेगळा आणि गाडी भरलेली असताना मागच्या चाकांना जास्त. लग्नाला सात जण नेलेत म्हणून मागं हवा वाढवली आणि ती तशीच राहिली, मग आईला घेऊन दोघं-तिघंच निघालात की मागचं टोक टणाटणा उडणारच. तिसरं, शॉकअप एकदा बघून घ्या. शॉकअपवर तेलाचा ओला डाग असेल, किंवा हंप ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहत असेल, तर जगातला कुठलाही टायर ती गाडी मऊ करणार नाही. धारदार बारीक धक्के हा टायरचा विषय, डुलणं आणि आपटणं हा सस्पेन्शनचा, एवढं लक्षात ठेवून गाडी पाच किलोमीटर चालवून बघा, कुठला त्रास आहे ते तुम्हालाच कळेल.

आता टायर. एकाच मापाचे दोन टायर पण सारखे चालत नाहीत, बाजूचं रबर किती जाड, आतले दोरे कसे विणलेत, नक्षीतले ठोकळे केवढे, यावर ठरतं. मिशेलिनची प्रायमसी आणि ब्रिजस्टोनची टुरान्झा या मालिका त्या कंपन्या आराम आणि शांतपणासाठी म्हणूनच विकतात, तुमच्या मापात जी मिळेल ती बघा. आपल्या अपोलो, सिएट, एमआरएफमध्ये पण बरे टायर आहेत, फक्त जास्त किलोमीटर चालणारा म्हणून जो दाखवतील त्याचं रबर बहुतेक वेळा कडक असतं, तुम्हाला तो नको. आणि टायरवर एक्सएल लिहिलेलं असेल तर त्याची बाजू जास्त वजनासाठी कडक केलेली असते, कंपनीनं सांगितलेला नसेल तर मुद्दाम तो घेऊ नका. उलट मापाच्या पुढं जो आकडा असतो, ८८ नाहीतर ९२, तो वजनाचा आहे, ८८ म्हणजे एका चाकावर ५६० किलो, तुमच्या आत्ताच्या टायरवर आहे त्याच्या खाली मात्र जायचं नाही, सात माणसांची गाडी आहे.

मऊ टायरची दुसरी बाजू पण सांगतो म्हणजे नंतर मला बोलणार नाही. त्याची बाजू पातळ असते, रस्त्याच्या तुटलेल्या कडेवरनं गाडी उतरवताना कापला जाण्याची भीती जास्त. समोरून उसाची ट्रॉली आली आणि साइड द्यायची वेळ आली तर थांबा, मग सावकाश एकेक चाक उतरवा. आणि तवंदी घाट चढता-उतरताना स्टीअरिंग आधीइतकं झटपट वाटणार नाही, सवय होईल. आईंना बरं वाटू दे.

प्रश्न : नायट्रोजन भरला तर गाडी मऊ चालते का? चाळीस रुपये चाकाला घेतायत. (शहापूर)

उत्तर : नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. नायट्रोजन जरा हळू झिरपतो एवढाच फायदा. ३२ ची हवा आणि ३२ चा नायट्रोजन, पाठीला काही कळत नाही. फुकट मिळत असेल तर भरा.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडी चालू केली की टायरमधली हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागतो, दहा वाजले की विझतो. पंक्चर नाही, तीनदा तपासलं. सेन्सर खराब का? (टिळकवाडी)

उत्तर : सेन्सर बरोबर आहे. आपल्याकडं थंडीत सकाळ आणि दुपार यांत चांगला पंधरा डिग्रीचा फरक पडतो, आणि दर दहा डिग्रीला टायरमधली हवा साधारण दीड-दोन पीएसआयनं वरखाली होते. तुम्ही दुपारी ऊन असताना ३२ भरली तर पहाटे ती २९-३० असणार. थंडीच्या दिवसांत एकदा सकाळी, गाडी थंड असताना स्टिकरप्रमाणे भरून घ्या, दिवा लागायचा बंद होईल.

प्रश्न : नमस्कार. आमची बोलेरो आहे, शेतातनं, मळ्यातनं, चिकोडी-निपाणी बाजारला सगळीकडं तीच. गावातला एक जण म्हणतोय सहा प्लायचे नाहीतर पिकअपचे टायर टाका, काट्याला भीत नाहीत. पण घरची म्हणत्यात आधीच आदळत्या, अजून आदळंल. (चिकोडी भाग)

उत्तर : घरचं ऐका. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५, म्हणजे बाजूची उंची १६१ मिलिमीटर, मापात आधीच भरपूर हवा आहे, एवढी आजकालच्या चकचकीत एसयूव्हीलाही मिळत नाही. तरी आदळते ती मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांमुळं, त्या वजन वाहायला केलेल्या आहेत, गाडी मोकळी असली की पाटा वाकतच नाही आणि सगळा भार टायरवर येतो. आता त्यात तुम्ही मालवाहू गाडीचा जास्त प्लायचा, म्हणजे आतल्या दोऱ्यांच्या जास्त थरांच्या ताकदीचा, टायर टाकला, तर त्याची बाजू जाड, त्याला हवा पण जास्त लागते, म्हणजे जो एकच मऊ भाग उरला होता तो पण कडक करून ठेवला. पिकअपवर दीड टन माल असतो म्हणून तिथं तो टायर शोभतो.

काट्याचं म्हणाल तर शेतात बाभळीचा काटा नक्षीतनंच घुसतो, प्लाय जास्त असला म्हणून तो थांबतोच असं नाही, आणि ट्यूबलेसला तो काटा पाच मिनिटात काढून स्ट्रिप मारता येते. चिखलासाठी म्हणून ऑल टेरेनचा मोठ्या ठोकळ्यांचा टायर घ्यायचा विचार असेल तर वर्षातले किती दिवस चिखल आणि किती दिवस डांबरी, ते आधी धरा, कारण डांबरीवर तो टायर गुणगुणतो आणि कडक पण चालतो. पावसात मळ्यापर्यंत रस्ताच नसेल तर घ्या, नाहीतर साधा हायवेचा टायर, कंपनीच्या वजनाच्या आकड्याचा, आणि हवा स्टिकरप्रमाणे. खताची पोती भरली की मागं वाढवा, उतरली की परत कमी करा, बोलेरोत फरक याच गोष्टीनं सगळ्यात जास्त पडतो.

प्रश्न : टायर तीस हजार किलोमीटर झाले. अलीकडं हायवेला ६० च्या पुढं विमानासारखा घूं आवाज येतो, बेअरिंग बदलून झाली, आवाज तसाच. शिवाय ९० ला स्टीअरिंग थरथरतं. चारी टायर बदलायला सांगतायत. (वडगाव)

उत्तर : थांबा, दोन वेगळे आजार आहेत. ९० च्या आसपास थरथरतं आणि ११० ला कमी होतं, तर ते बॅलन्सिंग, रिमवरचा एखादा शिशाचा तुकडा पडला असेल, नाहीतर खड्ड्यात रिम वाकली असेल. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरताना तुम्ही शेजारी उभे राहून रिमची कड बघा, ती डुलताना डोळ्यांना दिसते. वाकलेली असेल तर वजन लावून थरथर जात नाही, थोडे दिवस कमी होते एवढंच.

घूं आवाजासाठी गाडी बंद करा आणि टायरवर तळवा टेकवून नक्षीवरनं पुढून मागं फिरवा, मग उलटा मागून पुढं. एका दिशेला हात सरळ जातो आणि दुसऱ्या दिशेला करवतीवर फिरवल्यासारखा अडकत असेल तर नक्षीचे ठोकळे एका बाजूनं झिजलेत, तो आवाज त्यांचाच. टायर अदलाबदल केले नाहीत, किंवा अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, बरेच दिवस बिघडलेली होती, की असं होतं, आणि मागच्या चाकांना जास्त होतं म्हणून लोकांना बेअरिंगचा संशय येतो. आता अलाइनमेंट करून मागचे पुढं आणि पुढचे मागं घेतले तर काही हजार किलोमीटरमध्ये आवाज बराच कमी होतो, पूर्ण जाईलच असं सांगत नाही. खाचांमध्ये मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, तेव्हा टायर बदलायचाच. तुमची अजून वर असेल तर आत्ता चारी बदलायची घाई नको. पुढच्या वेळी मात्र दर आठ-दहा हजाराला अदलाबदल करा, दोनशे-चारशे रुपयांचं काम आहे.

प्रश्न : खड्ड्यात गेल्यानंतर पुढच्या टायरला बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. हवा जात नाही, गाडी पण नीट चालते. पंक्चरवाला म्हणतोय मागच्या चाकाला टाका, चालतंय वर्षभर. (येळ्ळूर)

उत्तर : चालत नाही. आतले दोरे तुटलेत, आता तिथं हवेला फक्त रबरानं धरलंय, आणि ते कधी सुटेल ते सांगता येत नाही. मागं टाकला म्हणजे धोका गेला असं अजिबात नाही, मागचा टायर वेगात फुटला तर गाडी फिरते आणि ती सावरणं पुढच्यापेक्षा अवघड. पॅच, ट्यूब, काही उपाय नाही याला. आजच स्टेपनी लावा, आणि तुमची स्टेपनी चाकापेक्षा लहान मापाची असेल तर तिच्यावरची वेगमर्यादा वाचा, बहुतेकींवर ८० लिहिलेलं असतं, तेवढ्यातच चालवा. नवीन घेताना एकाच ॲक्सलवरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे असू द्या, आणि ती नवी जोडी मागं, जुनी चांगली जोडी पुढं, असं बसवून घ्या. फुग्याचा टायर दुकानात तसाच सोडू नका, बाजू कापून द्या, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या गाडीला चढणार नाही.